पुलगावचे कोठार आणि आभाळातली जागल

जागल म्हणजे काय हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तूर-हरभरा हाताशी आला की कास्तकार रात्री मचाणावर जाऊन बसतो. कुठे खसखस झाली की तो आधी कान देतो. मग बॅटरी मारतो. रोही आहे, रानडुक्कर आहे, की शेजारच्या वावरातला माणूस पिकाला पाणी द्यायला निघाला आहे, हे पाहतो. डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, की नुसती हाक घालायची, हे त्यानंतर ठरते. आधी चाहूल, मग ओळख, मग हाकलणे. हा क्रम चुकला तर गोफणीचा धोंडा शेजाऱ्याच्या डोक्यात बसायचा.

शत्रूचे ड्रोन हुडकून त्यांना अडवण्याची जी यंत्रे आज जगभर तयार होत आहेत, त्यांचेही काम याच तीन पायऱ्यांनी चालते. विषय मोठा आहे, दिल्ली-मुंबईचा वाटतो. पण आपल्या जिल्ह्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे, आणि तो संबंध म्हणजे पुलगाव.

नागपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी वर्धा सोडून पुढे निघाली की वर्धा नदी ओलांडण्यापूर्वी पुलगाव लागते. एके काळी कापडगिरणी आणि आर्वीला जाणारी छोटी गाडी यांच्यासाठी हे गाव ओळखले जाई. त्याच्याजवळ सात हजार एकरांच्या आसपास पसरलेले लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. देशातले हे सर्वांत मोठे भांडार, आशियातल्या मोठ्या भांडारांतही त्याची गणना होते. कारखान्यांतून तयार झालेला दारूगोळा येथे येतो, जपून ठेवला जातो आणि येथून सीमेकडच्या भांडारांना रवाना होतो. ज्या जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले, त्याच जिल्ह्यात पुढे दारूगोळ्याचे हे कोठार उभे राहिले. इतिहासाला अशा शेजाराचे काही वाटत नाही.

पण ते येथेच का? कोठाराची जागा हा आपल्याकडे फार जुना प्रश्न आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ल्यावरचा दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, त्याला कुंपण असावे, दारूला ठरावीक दिवसांनी ऊन दाखवावे, असे बारीकसारीक सांगून ठेवले आहे. शत्रूइतकेच भय ठिणगीचे असते, हे त्या अनुभवी माणसाला पक्के ठाऊक होते. हे भय किती खरे, ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्रच होत्या. कापूस पेटला, आगीने स्फोटके गाठली, आणि गोदीसह आसपासचा भाग उद्ध्वस्त झाला. शेकडो माणसे मेली. त्यात शत्रूचा हात नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या त्याच काळात एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बाँब टाकले होते. समुद्रकिनारा सुरक्षित नाही, हे उघड झाले होते. अशा वेळी देशाच्या पोटात, समुद्रापासून दूर, पण मुख्य लोहमार्गाला लागून असलेले पुलगावसारखे गाव कोठाराला सोयीचे ठरावे, यात नवल नाही. पुलगावहून मुंबई रेल्वेने सातशे किलोमीटरहून अधिक, आणि पश्चिम सीमा सरळ रेषेतही आठशे किलोमीटरच्या पुढे. पुलगावला डोंगरी किल्ल्याचे तट नाहीत. अंतर हाच त्याचा तट.

या तटाच्या आत काय साठले आहे, याचा अनुभव जिल्ह्याने घेतला आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर भांडारातल्या एका कोठाराला आग लागली आणि स्फोट झाले. आगरगाव, नागझरी या बाजूची माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी, लेकरांना उचलून अंधारात निघाली. आग विझवण्यासाठी धावलेले अधिकारी, सुरक्षा जवान आणि अग्निशमन कर्मचारी मिळून १९ जण प्राणाला मुकले. रणगाडाविरोधी सदोष सुरुंगांतून झिरपलेल्या स्फोटकाकडे चौकशीत बोट दाखवले गेले. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजी शिवारात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यात हातावर पोट असलेले मजूर होते. या दोन्ही वेळी बाहेरचा शत्रू कुणी नव्हता. म्हणूनच प्रश्न पडतो, की ठिणगी बाहेरून, आणि तीही वरून, आणून टाकणारा कुणी निघाला तर?

ही शंका कल्पनेतली नाही. युक्रेनमधल्या बालाक्लिया येथील प्रचंड दारूगोळा भांडार मार्च २०१७ मध्ये जळाले, तेव्हा ड्रोनमधून टाकलेल्या आग लावणाऱ्या वस्तूचा संशय तेथील अधिकाऱ्यांनी बोलून दाखवला होता. १८ सप्टेंबर २०२४ रोजी रशियातील तोरोपेत्स येथे तर संशयाला जागाच उरली नाही. सीमेपासून चारशेहून अधिक किलोमीटर आत असलेल्या या भांडारावर युक्रेनची ड्रोन गेली, आणि स्फोट असे झाले की भूकंपमापक यंत्रांनी त्यांची नोंद घेतली. गाव रिकामे करावे लागले. १ जून २०२५ रोजी त्याच्याही पुढची गोष्ट घडली. युक्रेनने लाकडी खोल्यांच्या छपराखाली लहान ड्रोन दडवून ती मालट्रकांतून रशियात खोलवर नेली, आणि विमानतळांच्या जवळ छप्पर उघडून सोडली. ट्रकवाल्यांना आपण काय वाहून नेतो आहोत, याचा पत्ताही नव्हता म्हणतात. अशी एक जागा तर सायबेरियात होती, युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून लांब! हल्ल्याचे साधन फाटकाबाहेरच्या रस्त्यावरूनच उडणार असेल, तर आठशे किलोमीटरच्या तटाचे करायचे काय?

आता थोडे मागे जाऊ. माणूस नसलेले हवाई हत्यार ही या शतकातली कल्पना नव्हे. १८४९ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने व्हेनिस शहरावर बाँब बांधलेले फुगे सोडले होते. वारा फिरला आणि काही फुगे सोडणाऱ्यांकडेच परत आले. ‘ड्रोन’ हा शब्दही जुना आहे. मूळ अर्थ नर मधमाशी. १९३५ साली ब्रिटिशांनी बिनतारी संदेशावर उडणारे एक विमान केले आणि त्याला ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी, असे नाव दिले. त्या नावावरूनच पुढे ड्रोन शब्द रुळला, असे मानतात. गंमत अशी, की हे विमान कुणाला मारण्यासाठी नव्हते. तोफवाल्यांना नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य हवे होते, म्हणून ते होते. पाडण्याची विद्या शिकण्यासाठीच जे जन्मले, ते आज पाडता पाडता नाकी नऊ आणते आहे.

त्याच १९३५ सालची एक गोष्ट नभोवाणीच्या श्रोत्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तोपर्यंत विमानाची चाहूल घ्यायची तर कानानेच. इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर त्यासाठी सिमेंटच्या प्रचंड अंतर्गोल भिंती बांधल्या होत्या, जणू जमिनीला फुटलेले कान. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी वॉटसन-वॉट आणि विल्किन्स या दोघांनी एक प्रयोग केला. डॅव्हेंट्री येथील बीबीसीचे प्रक्षेपण केंद्र रोजच्यासारखे लहरी सोडत होते. थोड्या अंतरावर शेतात गाडी उभी करून त्यांनी ग्राहकयंत्र मांडले आणि वरून एक बाँबफेकी विमान नेले. विमानावर आपटून परत आलेल्या रेडिओलहरी यंत्राच्या पडद्यावर थरथरल्या. गाणी-बातम्या पोचवणाऱ्या लहरींनी विमानाची चुगली केली! इंग्लंडचे रडार जन्मले ते असे, एका नभोवाणी केंद्राच्या आधाराने. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात सांगताना विहिरीतल्या प्रतिध्वनीचा दाखला द्यावा. मुलांना लगेच कळते.

नऊ वर्षांनी या विद्येची खरी परीक्षा झाली. १३ जून १९४४ रोजी जर्मनीचा पहिला चालकविरहित ‘उडता बाँब’ लंडनवर पडला. पाऊण टनाहून अधिक स्फोटक घेऊन तो ताशी सुमारे सहाशे किलोमीटर वेगाने येई. इंजिनाची घरघर ऐकू येई तोवर ठीक. ती थांबली की लोक श्वास रोखून धरत, कारण आता तो खाली येणार. त्याला अडवण्यासाठी तीन फळ्या उभारल्या: लढाऊ विमाने, विमानविरोधी तोफा, आणि दोर लोंबणारे फुगे. सुरुवातीला तोफांचा फारसा उपयोग होईना. तेव्हा जुलैच्या मध्यावर एक धाडसी निर्णय झाला. शेकडो तोफा लंडनजवळून उचलून थोड्याच दिवसांत थेट किनाऱ्यावर नेल्या. त्यांना नवे रडार दिले, आणि नवे गोळे दिले. या गोळ्याच्या टोकात एक चिमुकला रेडिओ बसवलेला होता. लक्ष्य जवळ आल्याचे त्याला कळे आणि गोळा आपोआप फुटे. नेम अचूक लागण्याची गरज उरली नाही. ऑगस्ट संपता संपता तोफांच्या टापूत शिरणाऱ्या बाँबांपैकी बहुतेक पडू लागले. आजच्या ड्रोनविरोधी व्यवस्थेचा सांगाडा तेथे तयार झाला, असे मला वाटते. एका हत्यारावर भिस्त ठेवायची नाही, फळीमागे फळी लावायची, आणि शत्रूला शहराच्या डोक्यावर नव्हे तर शिवेवरच गाठायचे.

मग आज अडचण कुठे आहे? अडचण आकाराची आहे. रडारची घडण झाली ती मोठ्या, वेगवान, उंचावरच्या विमानांसाठी. पाखरांचे थवे पडद्यावर गोंधळ घालू नयेत म्हणून लहान आणि संथ वस्तू वगळण्याची सोय त्यात मुद्दाम केलेली असते. ड्रोन नेमके लहान, संथ, आणि झाडांच्या शेंड्यांजवळून उडणारे. २७ जून २०२१ रोजी पहाटेपूर्वीच्या अंधारात जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर काही मिनिटांच्या अंतराने दोन स्फोटके पडली. एका इमारतीचे छत फुटले, दोन जवान किरकोळ जखमी झाले. नुकसान थोडे, पण भारतातल्या लष्करी तळावर ड्रोनने झालेला तो पहिला हल्ला. त्यानंतर आपल्याकडे या विषयाने वेग घेतला.

आजची चाहूल चार प्रकारे घेतात. पहिले, नव्या तऱ्हेचे रडार. पाखरू पंख हलवते आणि ड्रोनचे पाते गरगर फिरते, हा फरक परतलेल्या लहरीत ओळखता येतो. दुसरे, बिनतारी कान. ड्रोन आणि त्याला खेळवणारा माणूस यांच्यात रेडिओलहरींची देवघेव चालते, ती गुपचूप ऐकायची. आपण केंद्र लावण्यासाठी काटा फिरवतो, तसाच हा काटा फिरवायचा. यात कधी कधी उडवणारा कुठे बसला आहे तेही कळते. तिसरे, दिवसाचे आणि रात्रीचे कॅमेरे. आणि चौथे, पुन्हा ते जुने कान! युक्रेनने खांबांवर हजारो साधे ध्वनिग्राहक लावून ड्रोनच्या इंजिनाची घरघर टिपणारे जाळे विणले. केंटच्या भिंती निकामी झाल्या म्हणून सोडून दिल्या होत्या. नव्वद वर्षांनी ऐकण्याची युक्ती खांबावर चढून परत आली.

हाकलण्याच्या रीतीही अनेक. सर्वांत स्वस्त रीत म्हणजे लहरींचा गोंगाट करून दोरी तोडायची. मग ड्रोन गोंधळते, खाली उतरते किंवा आल्या वाटेने परत जाते. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, तयार केलेल्या यंत्रणेत अशी अडवणूक सुमारे तीन किलोमीटरपर्यंत करता येते, आणि त्याहून जवळ आलेले ड्रोन लेसर किरणाने जाळता येते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी नौदलाने ती भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून घेण्याचा करार केला. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलजवळ तीस किलोवॅटच्या मोठ्या लेसरने उडते ड्रोन पाडून दाखवले. पण प्रत्येक कुलपाला किल्ली निघतेच. युक्रेनच्या रणांगणावर आता काही ड्रोन केसासारखी बारीक काचतार मागे सोडत जातात, पतंगाच्या मांजासारखी. लहरच नाही, तर गोंगाट कशाचा करणार? तेव्हा शेवटी पाडणे आले. आणि पाडायचे तर किमतीचा प्रश्न येतो. हजारांत मिळणाऱ्या ड्रोनवर कोट्यवधींचे क्षेपणास्त्र सोडायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शत्रूला तेच हवे असते. मसाला संपला की खरा हल्ला.

मे २०२५ मध्ये हा हिशेब आपल्यापुढे आला. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ८ आणि ९ मेच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठवली, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. आपली संरक्षणव्यवस्था कुठे कशी आहे, ते चाचपण्याचा तो डाव होता. त्यांना पाडण्यात क्षेपणास्त्रांबरोबर एल-७० या जुन्या तोफांनी मोठे काम केले. मूळची स्वीडनची ही ४० मिलिमीटरची तोफ १९६० नंतरच्या दशकात आपल्याकडे आली. मिनिटाला २४० ते ३०० गोळे टाकते. ती आता मोडीत निघणार असे बोलले जात होते. तिला नवे रडार, नवे कॅमेरे बसवले, ‘आकाशतीर’ या संदेशव्यवस्थेशी काही ठिकाणच्या तोफांची जोडणी झाली, आणि म्हातारी पुन्हा कामाला लागली. तोफेचा गोळा क्षेपणास्त्रापेक्षा किती तरी स्वस्त पडतो, ही गोष्ट येथे निर्णायक ठरली.

या मधल्या जागेसाठी, म्हणजे तोफेपेक्षा नेमके आणि क्षेपणास्त्रापेक्षा स्वस्त असे काही हवे म्हणून, आपल्या शेजारी नागपुरात एक अस्त्र तयार झाले आहे. सोलर डिफेन्स अँड एरोस्पेस या कंपनीच्या त्या यंत्रणेचे नाव ‘भार्गवास्त्र’. भार्गव म्हणजे परशुराम. नावे ठेवताना आपण पुराणातून खाली उतरत नाही, पण काम अगदी आजचे आहे. सहा किलोमीटर आणि त्यापलीकडे लहान ड्रोनची चाहूल घ्यायची, आणि अडीच किलोमीटरपर्यंत आल्यावर त्यांच्यावर छोट्या अग्निबाणांचा मारा करायचा. एक अग्निबाण फुटला की वीस मीटरच्या परिघातली ड्रोन निकामी होतात, असा कंपनीचा दावा आहे. १३ मे २०२५ रोजी ओडिशातील गोपाळपूरच्या किनाऱ्यावर त्याच्या तीन चाचण्या झाल्या. चार अग्निबाण सोडले, चारही अपेक्षेप्रमाणे गेले. ड्रोनचा थवा एकदम अंगावर आला तर, या प्रश्नाला हे उत्तर आहे. चाचणीच्या किनाऱ्यावर समोर समुद्र असतो, ही गोष्ट मात्र विसरू नये.

कारण पुलगावसारख्या ठिकाणी समोर समुद्र नाही. खाली कोठारे आहेत आणि भोवती गावे. वर गेलेला प्रत्येक गोळा, त्याचा प्रत्येक तुकडा कुठे तरी खाली येणारच. कोठाराच्या डोक्यावर पाडलेले ड्रोन कोठारावरच पडणार, आणि ते स्फोटक घेऊन आलेले असणार. म्हणून अशा जागी गाठायचे ते दूर, शिवेबाहेर. पण शिवेबाहेर काय आहे? देवळी तालुक्यातली कपाशीची आणि सोयाबीनची वावरे, रस्त्यावरून जाणारी माणसे, शाळा सुटून घरी निघालेली पोरे. चाहूल लागल्यापासून निर्णयापर्यंत हाती वेळ उरतो तो फार थोडा. ताशी साठ किलोमीटरने येणारे ड्रोन अडीच किलोमीटर अंतर अडीच मिनिटांत कापते. त्या अडीच मिनिटांत ते कुणाचे, हे ठरवायचे. भांडारात आज कोणती यंत्रे बसवली आहेत, हा जाहीर भाषणाचा विषय नव्हे, आणि तो नसावाच. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी ‘सुदर्शन चक्र’ योजना जाहीर केली. २०३५ पर्यंत देशातल्या महत्त्वाच्या जागांवर, लष्करी आणि नागरीही, असे संरक्षणाचे छत्र धरण्याचा तिचा उद्देश आहे.

ओळखीचा हा प्रश्न आता आपल्या वावरात येऊन उभा आहे. फवारणीची ड्रोन गावोगाव येऊ लागली आहेत. बचत गटांतल्या स्त्रियांना ड्रोन देण्याच्या केंद्राच्या योजनेत पंधरा हजार गटांचे उद्दिष्ट आहे, आणि निवडलेल्या ताईंना पंधरा दिवसांचे शिक्षण मिळते. लग्नातले फोटो काढणारीही ड्रोन आहेतच. २०२१ च्या नियमांनी देशाच्या आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे तीन भाग केले. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. नकाशा सरकारी संकेतस्थळावर पाहावयास मिळतो, आणि तो बदलतो, म्हणून उडवण्याच्या दिवशीच पाहावा लागतो. ‘मला काय, मी तर माझ्याच वावरात फवारतो आहे’ असे एखादा भाऊ म्हणेल. खरे आहे. पण पडद्यासमोर बसलेल्या जवानाला वावर दिसत नाही, ठिपका दिसतो.

त्या ठिपक्याला नाव असावे म्हणून ड्रोनला सरकारदरबारी नोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो. मचाणावरून ‘कोण आहे रे तिकडे?’ अशी हाक आली की बांधावरचा माणूस ‘मी हाओ भाऊ, पाणी द्यायले चाललो’ असे उत्तर देतो आणि गोफण खाली जाते. आता ती हाक यंत्र घालते, आणि ज्याची नोंद झालेली आहे त्याचे नाव सरकारी वहीत आधीच असते.